अक्का खडू हातात घ्यायची नाही

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली जी पोरं मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, करून पुढं सायन्सला जातात त्यांचा विषय निघाला की लोक लगेच इंग्लिशवर येतात. पोरगं हुशार आहे हो, पण इंग्लिशमुळं मागं पडतंय. मला हे अर्धंच खरं वाटतं. शब्द काय, पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, दोन वर्षांत पाठ होतात, इंजिनीअरिंगला येईपर्यंत डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, करंट, व्होल्टेज सगळं तोंडात बसलेलं असतं. जमत नाही ते वेगळंच. भर वर्गात हात वर करून "सर, ही ओळ कुठनं आली?" असं विचारणं जमत नाही. प्रश्न मनात मराठीत तयार होतो, तो इंग्लिशमध्ये जुळवेपर्यंत सरांनी बोर्ड पुसलेला असतो, आणि धीर करून मराठीत विचारावं तर सर कन्नड, बाजूला बसलेला धारवाडचा, आणि मागची रांग हसणार हे नक्की. मग तो प्रश्न वहीच्या कडेला एक प्रश्नचिन्ह होऊन राहतो. पुढच्या तासाला आणखी एक. सेमिस्टर संपेपर्यंत अशी प्रश्नचिन्हं इतकी साठतात की पुस्तक उघडायचीच भीती वाटायला लागते. मला यातनं बाहेर काढलं ते एका सीनियर मुलीच्या अभ्यासाच्या ग्रुपनं, त्याचीच ही गोष्ट.

मी स्वतः जांबोटी भागातली. बेळगावातनं पिरनवाडी, किणये करत जो रस्ता वर जांबोटीला आणि पुढं कणकुंबीला जातो, जिथं मलप्रभा उगवते, त्या रस्त्यावरचं गाव. पावसाळ्यात आमच्याकडं पाऊस म्हणजे चार-चार दिवस उघडीप नाही, लाइट नाही, आणि बस येईल तेव्हा येईल. विद्यापीठ आमच्या अगदी जवळ, मच्छेला, १९९८ साली झालेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, अख्ख्या कर्नाटकातली बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजं त्याच्याखाली येतात. पिरनवाडीच्या फाट्यावरनं बस जाताना बाबा लहानपणापासून त्या बाजूला हात दाखवायचे. मी ज्या कॉलेजात शिकले त्याचं नाव इथं घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते आमच्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांना लागू होईल.

पहिल्या सेमिस्टरला एम-वन, म्हणजे मॅथ्स. पहिल्या इंटर्नलनंतर, म्हणजे कॉलेजच्या चाचणीनंतर, नोटीस बोर्डवर एक यादी लागली, वर लिहिलेलं रिमेडियल क्लास, म्हणजे मागं पडलेल्यांचा जादा तास, खाली नावं आणि मार्क. माझं नाव त्यात होतं. ती यादी बघायला जी गर्दी झाली होती ती मी कधी विसरणार नाही, कारण ज्यांची नावं त्यात नव्हती तेच जास्त उभे होते. क्लास ज्या खोलीत भरायचा तिची दारं व्हरांड्याकडं, येणारा-जाणारा बघत जायचा. आत तेच सर, तेच लेक्चर, फक्त थोडं घाईत. यादीतली बहुतेक पोरं पहिल्या आठवड्यातच जायची बंद झाली, मीपण. आणि मग स्टाफरूममध्ये म्हटलं गेलं की बघा, या पोरांना शिकायचंच नाही.

दुसऱ्या एका मॅडमनी जे केलं ते साधं होतं. त्या वर्गात येऊन म्हणाल्या की एम-वन दरवर्षी बऱ्याच जणांचा राहतो, विषयच तसा आहे, तर थर्ड सेमची एक मुलगी आठवड्यातनं दोनदा चारनंतर वरच्या मजल्यावर बसणार आहे, ज्याला यावंसं वाटेल त्यानं या, ज्याला चांगले मार्क पडलेत त्यानंही या. यादी नाही, हजेरी नाही, मार्क नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही सहा-सात जण होतो आणि शेवटपर्यंत साधारण तेवढेच राहिलो, मध्ये कुणी आलं, कुणी गेलं.

ती मुलगी वडगावची. घरात माग, म्हणजे आता पॉवरलूम, साड्या विणायचं काम, शहापूर-वडगाव-खासबाग या भागात कित्येक घरांत आहे तसं. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, आमच्याकडं मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. अक्का कॉलेजात टॉपर नव्हती. चांगले मार्क होते, पण टॉपर नव्हती, आणि मला आज वाटतं की हेच तिच्यातलं सगळ्यात कामाचं होतं. टॉपरला आपण कधी अडकलो होतो हे आठवतच नाही बहुतेक. अक्काला तिची प्रत्येक अडलेली जागा आठवत होती, कारण त्याला एकच वर्ष झालं होतं.

एक उदाहरण सांगते, गणितातलं आहे पण वाचा. पोलार कर्व्ह म्हणून पहिल्याच मॉड्यूलला येतं. कार्डिऑइड नावाचा एक आकार, आर इज इक्वल टू ए इनटू वन प्लस कॉस थीटा. केंद्रापासून त्या आकारावरच्या बिंदूपर्यंत रेषा काढायची, त्याच बिंदूवर टँजंट, म्हणजे आकाराला नुसती टेकणारी रेषा, काढायचा, आणि दोघांमधला अँगल फाय शोधायचा. लॉग घ्या, डिफरन्शिएट करा, हाफ अँगलचे फॉर्म्युले लावा, कॉट फाय येतं मायनस टॅन थीटा बाय टू. इथपर्यंत सगळे येतात. आणि पुढच्या ओळीत बोर्डवर एकदम लिहिलेलं असतं, कॉट ऑफ पाय बाय टू प्लस थीटा बाय टू. हा पाय बाय टू कुठनं आला? वर्गात ती ओळ पाच सेकंदात झाली होती. सरांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच, पीयूसीतला भाग. माझ्या वहीत तिथं प्रश्नचिन्ह होतं, आणि नंतर कळलं की ग्रुपमधल्या सगळ्यांच्याच वहीत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच कळलं नाही.

अक्कानं ते गणित काढलं आणि थेट विचारलं, "या ओळीवर कोण कोण अडकलंय?" कुणीच बोललं नाही. "मी अडकले होते की," ती म्हणाली, "दोन दिवस अडकले होते." मग हळूहळू हात वर झाले. आता मला वाटलं ती सांगेल. तिनं सांगितलं नाही. गोकाकचा एक मुलगा होता, त्याला म्हणाली, "तू जा बोर्डवर, आकार काढ." त्यानं काढला. "आता थीटा झिरो ठेव, बिंदू कुठं येतोय?" उजवीकडं, एकदम टोकाला. "तिथं टँजंट कसा असेल?" त्यानं खडू आडवा धरला, मग फिरवून उभा केला. उभा. आणि रेषा आडवी. म्हणजे दोघांमध्ये नव्वद डिग्री. थीटा झिरो असताना फाय नव्वद, म्हणजे पाय बाय टू असणारच, तो कुठनं टपकला नव्हता, तो पहिल्यापासून आकारातच होता. मग ट्रिगनॉमेट्रीचा फॉर्म्युला, सेकंड क्वाड्रंट, साइन का बदलतं हे सगळं त्याच मुलानं बोर्डवर स्वतःच काढलं, आम्ही खालनं ओरडून मदत करत होतो. त्या संध्याकाळी बसमध्ये मी खिडकीच्या वाफ धरलेल्या काचेवर बोटानं कार्डिऑइड काढत गेले.

अक्का खडू हातात घ्यायची नाही. हा तिचा नियम होता, मॅडमनी घालून दिलेला असेल किंवा तिचा तिनं ठरवलेला, मी कधी विचारलं नाही. खडू आमच्यातल्या कुणाच्या तरी हातात. तिला प्रश्न विचारला तर ती तो दुसऱ्या कुणाकडं तरी सरकवायची, "तुला काय वाटतंय सांग बघू." आणि मग गप्प बसायची. ते गप्प बसणं सुरुवातीला फार अवघड जायचं, आपल्याकडं बघतायत सगळे, अंगावर काटा यायचा. पण ती घाई करायचीच नाही. पुढं वाचताना मला मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंचं काम सापडलं, १९७० च्या दशकातलं, त्यांनी वर्गांतल्या टेप ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. ते थांबणं तीन सेकंदांच्या पुढं नेलं की उत्तरं लांब येतात, जे कधी बोलत नाहीत ते बोलायला लागतात, पोरं एकमेकांना उत्तर द्यायला लागतात. आणि ज्याला आधी मराठीत विचार करून मग इंग्लिश शब्द शोधायचाय त्याला तर ते तीन सेकंदही कमीच. अक्काकडं तो वेळ मिळायचा.

मिशेलीन ची म्हणून एक संशोधक आहेत, त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ सालचा एक अभ्यास आहे, तो वाचून तर मला अक्काच आठवली. त्यांनी ट्यूटरना सांगितलं की समजावून सांगायचं नाही, फक्त विचारत राहायचं, "आता पुढं?", "असं का?", "तुझ्या शब्दांत सांग." लोकांना वाटेल की मग शिकणार काय. पण ती मुलं समजावून सांगितलेल्या मुलांइतकीच शिकली. सांगण्यातनं जेवढं शिकता येतं तेवढं आपल्या तोंडनं बोलण्यातनं पण येतं, आणि मला विचाराल तर स्वतः बोललेलं जास्त टिकतं, कारण त्या कार्डिऑइडनंतर कित्येक गणितं विसरले मी, ते विसरले नाही.

अक्का स्वतः एकदा म्हणाली होती की घरी मागावर धागा तुटला की बाबा अख्खं कापड उसवत नाहीत, माग थांबवून तुटलेला धागा शोधतात, तिथंच गाठ मारतात आणि पुढं चालू करतात. रिमेडियलमध्ये काय व्हायचं तर पहिल्यापासून सगळं कापड परत दाखवायचे. आणि तुटलेला धागा कुठला हे कुणी शोधायचंच नाही.

आता भाषेचं. ग्रुपमध्ये मी आणि निपाणीचा एक जण मराठी, गोकाकचा आणि बैलहोंगलची एक मुलगी कन्नड, कॅम्पातली एक मुलगी घरात उर्दू बोलणारी, एक जण खानापूरकडचा पण घरात कोकणी. अक्काला मराठी, कन्नड दोन्ही सारखंच यायचं, बेळगावात वाढलेल्यांना येतं तसं. त्यामुळं तिथं जे बोललं जायचं ते लिहून दाखवलं तर कुठल्याच शाळेत चालणार नाही. "हे टर्म इकडं आण, हां, आता साइन चेंज आगतद नोड, मग काय राहिलं?" अशी वाक्यं, मधलं कन्नड म्हणजे चिन्ह बदलतंय बघ. आणि सगळ्यांना कळायचं. मला तिथं पहिल्यांदा कळलं की गणिताला भाषा लागते ती फक्त अडकल्यावर विचारायला, आणि ती ज्याची त्याला मिळाली तर माणूस धडाधड पुढं जातो. पेपर इंग्लिशमध्येच लिहायचा होता, त्यात काही प्रश्न नव्हता, शेवटच्या पंधरा मिनिटांत अक्का तेच उत्तर इंग्लिशमध्ये नीट लिहायला लावायची, देअरफोर, सिन्स, सबस्टिट्यूटिंग, सगळं जिथल्या तिथं. आधी समजायचं तीन भाषांत आणि मग लिहायचं एका भाषेत. मला हा क्रम फार बरोबर वाटतो. आमच्या कॉलेजात सगळीकडं उलटं होतं, आधी इंग्लिश ऐका, समजलं तर समजलं.

इथं सीमाभागातलं राजकारण काढल्याशिवाय राहवत नाही, पण थोडक्यात. १ नोव्हेंबर आला की बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी लोकांची काळ्या दिनाची सायकल फेरी, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्या घरात १९५६ च्या, बेळगाव तिकडं गेलं तेव्हाच्या, गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकल्यात, आणि गोकाकच्या त्या मुलाच्या घरात दुसऱ्या बाजूच्या ऐकल्या असणार. त्या आठवड्यात वर्गात जरा वेगळंच वातावरण असायचं, कोण कुणाशी बोलतंय याकडं लक्ष असायचं सगळ्यांचं. ग्रुप तेव्हाही भरला. गोकाकच्या त्या मुलानं मला बर्नोली इक्वेशन समजावलं, मी त्याला पार्शल डिफरन्शिएशन. त्याचं मराठी माझ्यामुळं सुधारलं आणि माझं कन्नड त्याच्यामुळं, आणि शाळेत इतकी वर्षं कन्नड विषय म्हणून घेऊन जे बोलायला जमलं नव्हतं ते त्या वरच्या मजल्यावर जमलं. मराठीबद्दलचं माझं मत त्यामुळं तसूभरही बदललं नाही, बदलायची गरजही नव्हती.

हे सगळं आमच्या मॅडमना कुठनं सुचलं मला माहीत नाही, पण जगात याला बऱ्यापैकी जुना इतिहास आहे आणि तो मी नंतर शोधून शोधून वाचला. अमेरिकेत कॅन्सस सिटीला मिसूरी विद्यापीठात १९७३ साली डियाना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची पद्धत सुरू केली, सुरुवात मेडिकल, डेंटल, फार्मसी अशा कोर्सच्या मुलांपासून. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी कच्ची मुलं शोधलीच नाहीत. अवघड विषय शोधले. ज्या विषयात दरवर्षी साधारण तीस टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा मध्येच सोडतात तो विषय अवघड, मग त्या विषयाला बसलेल्या सगळ्यांसाठी दार उघडं. शिकवणारा म्हणजे तो विषय आधी चांगल्या मार्कांनी पास झालेला विद्यार्थीच, आणि तो पुन्हा त्या लेक्चरला मुलांबरोबर बसतो, म्हणजे सर या वर्षी काय बोलले, कुठं घाई केली हे त्याला माहीत असतं. परत लेक्चर द्यायचं नाही हा नियम. आमच्या मॅडम जे वर्गात बोलल्या, विषयच तसा आहे, ते आठवलं मला.

आणि दुसरे युरी ट्राइझमन. १९७० च्या दशकात बर्कलीला त्यांनी बघितलं की काळी मुलं कॅल्क्युलसमध्ये नापास होतायत, तीही शाळेत चांगले मार्क असलेली मुलं. तिथल्या प्राध्यापकांना कारणं विचारली तर सगळ्यांनी तीच सांगितली जी आपल्याकडंही सांगतात, मन नाही, पाया कच्चा, घरात वातावरण नाही, पैसा नाही. ट्राइझमननी घरात बसून तर्क केला नाही, ते मुलांच्या मागं फिरले, कोण कसा अभ्यास करतो ते बघितलं. यातलं एकही कारण पुरेसं निघालं नाही. ती मुलं अभ्यास करत होती, शिस्तीत करत होती, पण एकटी करत होती. आणि चिनी वंशाची मुलं आधी एकटी बसून मग संध्याकाळी जमायची, एकमेकांची गणितं तपासायची, चुका दाखवायची, खाता-पिता बोलायची. मग त्यांनी जी वर्कशॉप काढली ती रिमेडियल म्हणून काढली नाहीत, उलट तिथं वर्गापेक्षा अवघड गणितं दिली आणि ग्रुपनं सोडवायला लावली, आणि त्या मुलांचे निकाल पार बदलले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आमच्या गावाकडनं येणारी पोरंही अशीच एकटी असतात. बसनं यायचं, लेक्चर करायचं, बसनं जायचं. हॉस्टेलची पोरं रात्री अकरा वाजता एकमेकांच्या खोलीत जाऊन विचारतात, शहरातली ट्यूशनला भेटतात, आणि आमचा अभ्यास घरात एका बल्बखाली, चुकलं की बरोबर हे सांगायला कुणी नाही. मग आम्ही नापास झालो की लोक म्हणणार पाया कच्चा. पाया कच्चा असेलही कुणाकुणाचा, माझा काही इतका कच्चा नव्हता.

जाता जाता एक. विद्यार्थ्यानं विद्यार्थ्याला शिकवायची कल्पना साहेबाकडनं आली असं वाटत असेल तर तसंही नाही. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेवर होता, त्यानं इथल्या मलबारी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना बघितली, ती पद्धत उचलली आणि मोठ्या मुलांना लहानांना शिकवायला लावलं. १७९७ मध्ये लंडनला त्यानं त्यावर पुस्तक काढलं आणि मद्रास पद्धत म्हणून ती तिकडं पसरली. अर्थात तिथं मास्तर वाचवायचा आणि खर्च वाचवायचा हा हिशोब मोठा होता, एका मास्तरावर शेकडो पोरं. तो हिशोब मला पटत नाही.

आणि खर्चावरनंच मला अक्काबद्दल एक बोलायचंय. तिला या कामाचे पैसे मिळत नव्हते. सर्टिफिकेट मिळालं, वर्षाअखेर स्टेजवर बोलावून. ती त्या आधी वडगावात शेजारच्या लहान पोरांच्या ट्यूशन घ्यायची, त्यातनं तिचा पुस्तकांचा आणि झेरॉक्सचा खर्च निघायचा, आमच्यासाठी तिनं त्यातले दोन दिवस सोडले. ती कधी बोलली नाही, मला तिच्या बहिणीकडनं कळलं. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा, म्हणजे निपाणीपासून काही फार लांब नाही. त्यांची 'कमवा आणि शिका' योजना आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ असते, भाषणात म्हणायला. मग थर्ड सेमचं एखादं पोर जर आठवड्याला दोन-तीन तास फर्स्ट सेमच्या पोरांना एम-वन पार करून देत असेल तर ते काम नाही का? लॅब असिस्टंटला पगार आहे, लायब्ररीत बसणाऱ्याला आहे. फुकट करायचं म्हटलं की ते फक्त घरचं बरं असणारी पोरंच करू शकतात, आणि मग अक्कासारखी, जिला आमची अडचण आतनं माहीत होती ती, पहिली गळते.

या सगळ्याला धोके आहेत, नाही असं नाही. कितीतरी ग्रुप मी बघितले जे आठवड्याभरात असाइनमेंट कॉपी करायचे अड्डे झाले, एकानं सोडवायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे. दुसरं म्हणजे इम्पॉर्टंट. सीनियर आला की पोरांचा पहिला प्रश्न, अक्का, इम्पॉर्टंट काय सांग की. आमच्या विद्यापीठाच्या पेपरला पाच मॉड्यूल, प्रत्येक मॉड्यूलला दोन पूर्ण प्रश्न, त्यातला एक सोडवायचा, त्यामुळं काय सोडायचं याचा हिशोब पहिल्या दिवसापासून चालू असतो. अक्का जुने पेपर आणायची, पण वेगळ्या कामाला. एका मॉड्यूलचे दोन्ही प्रश्न समोर ठेवायची आणि म्हणायची, सोडवू नका, यातला कुठला घेणार आणि का ते सांगा. मग आम्ही भांडायचो, हा लांब आहे पण सरळ आहे, तो छोटा आहे पण त्यात एक इंटिग्रल अडकवणार. सोडवायच्या आधी गणिताकडं बघायला मी तिथं शिकले.

तिसरा धोका चुकीचं शिकवण्याचा. सीनियर म्हणजे काही प्राध्यापक नाही. एकदा ऑर्थोगोनल ट्रॅजेक्टरीच्या एका गणितात आमची दोन उत्तरं आली आणि अक्कालाही ठरवता येईना. ती म्हणाली, "मला येत नाही हे, उद्या मॅडमना विचारून सांगते," आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊनच मॅडमकडं गेली. मॅडमनी पाच मिनिटांत दाखवलं की दोन्ही उत्तरं एकच आहेत, कॉन्स्टंट वेगळ्या पद्धतीनं लिहिलाय इतकंच. म्हणून मला वाटतं की अशा ग्रुपच्या मागं एक शिक्षक पाहिजेच, खोलीत नाही, पण हाकेच्या अंतरावर. ज्या कॉलेजात हे फक्त पोरांवर सोडून दिलंय तिथं ते टिकत नाही.

पुढच्या वर्षी मॅडमनी मला बसायला सांगितलं तेव्हा मी हो म्हटलं, आणि तेव्हा कळलं की अक्काचं ते गप्प बसणं किती कष्टाचं होतं. समोरचा अडकलाय, आपल्याला उत्तर येतंय, जिभेच्या टोकावर आहे, आणि तरी थांबायचं. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

सध्या मी नोकरीला आहे, पण गावाकडची दोन-तीन पोरं दरवर्षी फर्स्ट सेमला जातात आणि फोन करतात, त्यामुळं काय चाललंय ते कळत राहतं. दोन-तीन कॉलेजांत आता असे ग्रुप सुरू झालेत हे ऐकून बरं वाटलं. पण सगळीकडं वेळ तीच, चारनंतर किंवा साडेचारनंतर. आणि जांबोटी, कणकुंबीकडची, किंवा खानापूरच्या पलीकडं जंगलातल्या गावांतली पोरं, त्यांना चारची किंवा पाचची बस धरावीच लागते, त्यानंतरची कधी येते कधी येत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मला जमलं कारण माझी मावशी अनगोळला राहायची आणि ग्रुपच्या दिवशी कधी उशीर झालाच तर मी तिच्याकडं मुक्काम करायची. सगळ्यांना मावशी नसते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी बस फुकट झाली, शक्ती योजना, त्यामुळं आमच्या भागातनं कॉलेजला येणाऱ्या मुलींचा पासाचा खर्च तरी गेला, पण शेवटच्या बसची वेळ काही त्यानं बदलली नाही. ज्यांना ग्रुप सगळ्यात जास्त पाहिजे, जे रात्री घरी कुणाला विचारू शकत नाहीत, तेच त्या वेळेला बसस्टँडवर असतात.

म्हणून गेल्या महिन्यात मी आमच्या त्या मॅडमना फोन केला आणि एकच मागितलं, की हा तास टाइमटेबलमध्ये घाला, दुपारी जेवणानंतरचा लायब्ररी अवर असतो आठवड्यातनं दोनदा, ज्यात कुणी लायब्ररीत जात नाही, तो द्या. त्या म्हणाल्या, एचओडींशी, म्हणजे विभागप्रमुखांशी, बोलते, वरच्या मजल्यावरची खोली त्या वेळेला लॅबच्या बॅचला दिलेली असते, ती हलवावी लागेल. मी म्हटलं खोली कुठलीही चालेल, एक बोर्ड असला म्हणजे झालं.